सर ‘ट्राय करतो’ म्हणाले

मंडळी, एक सांगा बरं मला. तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस वाईट, की गोड हसून लटकवत ठेवणारा वाईट? हां – बघा, माना हलल्या! उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मग गावात मान कुणाला देता हो? गोड हसणाऱ्यालाच ना? ‘नाही’ म्हणणारा तो खडूस, तो माणूसघाणा, त्याच्याकडे हळदीकुंकवाचं आमंत्रणसुद्धा शेवटी जातं! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आजच्या कीर्तनात मला रागवायचं आहे.

ऐका तर. एक तालुक्याचं गाव. नाव विचारू नका, तुमचंच वाटेल. त्या गावात खटावकर सर. इंग्रजीचा क्लास, दारावर मोठा बोर्ड, आणि बोलणं असं की ऐकत राहावं! आणि त्यातही सरांचा एक तास भारी प्रसिद्ध. ‘ट्राय’ या एका क्रियापदाचा तास!

फळ्यावर मधोमध ‘ट्राय’ लिहायचे, मग खडू हवेत नाचवायचे. “मुलांनो, ट्राय म्हणजे काय? प्रयत्न करणे! झटणे! धडपडणे! पण एवढ्यावर थांबू नका. पदार्थाची चव घेऊन बघणे – तेही ट्राय! कपडा अंगात घालून बघणे – ट्राय! कोर्टात एखाद्यावर खटला चालवणे – ट्राय! दुसऱ्याच्या सहनशक्तीचा अंत पाहणे – तेही ट्राय! आणि याचे भाऊबंद लिहून घ्या. अटेम्प्ट, एंडेव्हर, स्ट्राइव्ह!” पोरं भराभरा लिहून घ्यायची. अहो, काय ती विद्वत्ता! एका शब्दाचा सगळा गोतावळा सरांच्या जिभेवर!

पण मंडळी, एक अर्थ सरांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. तो ते फक्त वापरायचे. कुणी देणगी मागो, कुणी शब्द टाकायला सांगो – सर हात हातात घेणार, डोळ्यात डोळे घालणार आणि म्हणणार, “ट्राय करतो ना! शंभर टक्के ट्राय करतो!” माणूस खूश होऊन जायचा आणि सर लगेच विसरायचे. का हो? ‘नाही’ म्हटलं तर माणूस वाईट म्हणेल ना! सरांना सगळ्यांच्या नजरेत चांगलं व्हायचं होतं – फुकटात!

आता शेजारच्या वाडीत हौसाक्का. लग्नाकार्यात पुरणपोळ्या करणारी बाई. तिच्या हातची पोळी खाल्लेला माणूस दुसऱ्या पंगतीला बसताना घरचा पत्ता विसरायचा! तिची लेक कावेरी. सरांच्याच क्लासात पहिल्या बाकावर. बारावीला असे मार्क पडले की सरांनी तिचा फोटो बोर्डावर लावला – ‘आमची गुणवंत विद्यार्थिनी’! फोटो लावायला सर कधी ‘ट्राय करतो’ म्हणाले नाहीत, तो दुसऱ्या दिवशी लागला.

पोरीचा नर्सिंगच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला. कॉलेज जिल्ह्याला. निरोप आला, उद्या सकाळी अकराच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्या नंबरला जाईल. हौसाक्का संध्याकाळी सरांच्या दारात. सरांची नवी पांढरी गाडी अंगणात, हार अजून सुकायचा होता.

“सर, उद्या तेवढं गाडीनं सोडता का? जमत नसंल तर काय बी हरकत न्हाई. सहाची एसटी हाय, दोनदा बदलावी लागती, पन पोचतो आमी.”

ऐकलंत? बाईनं दुसरी वाट स्वतःच सांगितली! सरांना फक्त एक शब्द बोलायचा होता – ‘नाही’. बस! एसटी होती की! आणि मंडळी, सरांना त्याच क्षणी माहीत होतं की आपण जाणार नाही. सकाळी टेलरकडे जाकिटाचं माप बघायचं होतं, रविवारी सत्कार होता. शिवाय वाडीचा रस्ता खडीचा, नवी गाडी! पण हौसाक्का समोर उभी, लेक मागे उभी. दोघींच्या डोळ्यात आपण केवढे मोठे दिसतो आहोत, ते सरांना दिसत होतं. ते सोडवेना!

“अहो हौसाक्का, आपल्या कावेरीसाठी? ट्राय करतो ना! शंभर टक्के!”

“मग एसटी सोडू का, सर?”

“अहो, ट्राय करतो म्हटलं ना!”

वा रे वा! ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही!

सकाळी मायलेकी फाट्यावर. सहाची एसटी आली. हौसाक्काचा हात वर जायला लागला, तर कावेरीनं धरला. “आई, सर म्हणालेत.” गाडी समोरून गेली, मंडळी! ड्रायव्हरनं वेग कमी करून बघितलंसुद्धा, यांनी हात केला नाही.

तिकडे सर चहा घेत होते. फोन वाजला. हौसाक्का! आता ‘निघतोय’ म्हणावं तर खोटं, आणि खोटं बोलायचं नाही – सर सज्जन ना! ‘येत नाही’ म्हणावं तर तिला वाईट वाटणार. म्हणून सरांनी काय केलं? फोन पालथा घातला! कुणाचंच मन दुखावलं नाही! पुन्हा वाजला, तेव्हा सर टेलरकडे आरशासमोर. “सर, हात वर करा, ट्राय करून बघा.” अंगात घालून बघणे – झालं! तिथून मिठाईवाल्याकडे. “सर, नवी बासुंदी आलीय, ट्राय करा.” चव घेऊन बघणे – झालं! आणि दुसऱ्याच्या सहनशक्तीचा अंत पाहणे? ते फाट्यावर चालूच होतं, तिथे सरांना जायचीसुद्धा गरज नव्हती! कोर्टातला खटला सोडला, तर सगळे अर्थ एका सकाळी जगले, फक्त पहिलाच तेवढा राहिला.

अखेर नऊच्या गाडीनं मायलेकी निघाल्या. कॉलेजात पोचल्या तेव्हा दुपार झालेली. टेबलावरची बाई म्हणाली, “नाव दोनदा पुकारलं. जागा गेली.” कावेरी रडली नाही. आईचा हात आपणच एसटीसमोर खाली ओढला होता, ते तिला आठवत राहिलं. सांगा, कुणाचं पाप कोण वाहत होतं?

पुढे काही महिन्यांनी सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याह्यांची एकच अट, पुरणपोळी हौसाक्काची! सर वाडीत आले. ओट्यावर कावेरी कणीक मळत बसलेली.

“काय गं कावेरी, काय झालं तुझ्या अ‍ॅडमिशनचं?”

“राहिली, सर.”

“अरेरे! मी त्या दिवशी खूप ट्राय केलं हं. असो – ट्राय अगेन!”

पोरीची मूठ कणकेत तशीच राहिली. हौसाक्का बाहेर आली. सरांनी लग्नाचं सांगितलं, हात जोडले, गोड हसले.

हौसाक्का म्हणाली, “न्हाई सर. मी यायची न्हाई.”

सर चमकलेच! “अहो, असं तोडून काय बोलता? ट्राय तरी करा!”

“न्हाई. आत्ताच सांगते. लग्नाला महिना हाय, दुसरी बाई मिळंल तुमाला. मांडवात कळलं असतं, तर तुमचे हाल झाले असते.”

मंडळी, तिला सूड घेता येत नव्हता का? ‘ट्राय करते, सर’ म्हणायचं आणि लग्नाच्या सकाळी फोन पालथा घालायचा! सूड किती सोपा होता! पण तिनं शिव्या दिल्या नाहीत, फाट्याचं नावही काढलं नाही. सरांची लाज तिनं राखली.

आणि सर? घरी जाऊन बायकोला म्हणाले, “तोंडावर नाही म्हणाली मला! या लोकांना बोलायची रीत नाही!” घ्या! आयुष्यात कुणी इतकं सरळ वागवलं नव्हतं या माणसाला, आणि त्यात त्याला दिसला उद्धटपणा. एवढं शिकून डोळ्यावर झापड ती झापडच!

हसा, हसा खटावकर सरांना. हसून झालं? आता माझ्याकडे बघा. तुम्हाला तर इंग्रजीही लागत नाही! ‘बघू की’, ‘करू की’, ‘काढू कधीतरी वेळ’, ‘तुमचं काम माझ्या लक्षात आहे’ – केवढा गोतावळा पोसलाय घरोघरी! देवासमोर हात जोडून बसलात, टाळ्या वाजवताय, आणि खिशातला फोन? मला इथून दिसतंय, मघापासून दोघातिघांनी तो पालथा घातलाय!

अहो, तुमच्या शब्दावर विसंबून कुणीतरी आत्ता फाट्यावर उभं आहे. त्यांची एसटी अजून गेलेली नाही, लांबून दिसतेय. तुम्ही येणार नसाल तर नका येऊ! देव काही म्हणणार नाही. पण त्यांना हात करू द्या!

आरती कुठे पळून जात नाही. उठा, बाहेर जा, आधी तो फोन करा. आम्ही थांबतो.