बूट काढून या

हॅमिल्टनच्या कोर्टात चंद्रशेखर आपल्या नंबरची वाट पाहत बसला होता. मागच्या बाकावर मायलेकींची मराठीत जुंपली, तसा त्यानं हळूच फोन खिशात घातला.

"आई, पोलीस देवव्रतला न्यायला आले आणि तू दार अडवलंस. पोलिसांच्या कामात अडथळा, हीच केस आहे. पहिलीच वेळ आहे, चूक कबूल करून सॉरी म्हणालीस की डायव्हर्जन मिळतं. मग केस मागे घेतात."

"म्हणते की! त्यात माझी जीभ झिजत नाही काही."

"आणि दार का अडवलंस विचारलं तर?"

"घरात देव आहेत, बूट काढून या, एवढंच म्हणत होते."

"घरभर आपण सगळे जँडल्स, रबरी चपला घालून फिरतो, आई."

"हळू बोल गं."

"आपला भाडेकरू म्हणून त्याला पळायला वेळ देत होतीस ना?"

"पळाला का तो? हात धुऊन स्वतःच्या पायांनी गाडीत बसला."

"हात धुऊन?"

"जेवत होता गं पोरगा. ताकभात राहिला होता. भरल्या ताटावरून उठवतात होय कुणाला?"