उद्यापर्यंत बरा न होणारा फोड

औषधाच्या दुकानात शिंपी रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक आजोबा आणि तोंडावर रुमाल धरलेल्या आजी.

"ओठावर फोड आलाय. चिठ्ठीशिवाय काही मिळेल?"

"होमिओपॅथीचं जेल आहे, आजी. दिवसातून चारदा लावा."

"उद्या सकाळपर्यंत जाईल ना?"

"छे! आठवडा तरी घेईल. जेलने फार तर चुरचुर कमी वाटेल."

"अहो, उद्या आमचा नातू परदेशी चाललाय, आईबापाबरोबर."

"केवढा आहे?"

"दीड महिन्याचा."

"मग जवळसुद्धा जाऊ नका. याचा संसर्ग एवढ्याशा बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पापा तर मुळीच नाही."

"ऐकलंस ना? लांबूनच बघ."

"माझा मला भरवसा नाही हो. तो दिसला की मी उचलणारच."

"मी धरून ठेवीन तुला."

"तुम्ही? तुमच्याने बरणीचं झाकण उघडत नाही!"

शिंप्याला हसू आलं. आजोबा हसले नाहीत.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"निरोप द्यायला तुम्ही एकटेच जा. तिला ताप आलाय म्हणून सांगा."

"अगं, तीन वर्षं येणार नाहीत ते."

"येईल तेव्हा धावत येईल की. मला ओळखणार नाही, एवढंच."

"आजी, जेल देऊ ना?"

"द्या बाबा. आणि अहो, सुनेकडून त्याचं एक झबलं मागून आणा."

"आठवण म्हणून?"

"हो. पण धुतलेलं नको म्हणावं. अंगातून काढलेलंच दे."