ग्रेवचं मूळ

"शब्दाचं मूळ ज्याला सापडलं, त्याला आयुष्यात कशाचीच वाट पाहावी लागत नाही!" पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या बसथांब्यावर तिबोदो मास्तरांनी जाहीर केलं. तिथे उभं राहून त्यांना पाऊण तास झाला होता. हातात बहिणीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा क्रीमचा केक होता आणि ऊन चढत होतं.

शेजारी खांद्यावर पुठ्ठ्याचा मोठा फलक घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"आज संप आहे, मास्तर."

"संपाला आपण 'ग्रेव' का म्हणतो, ठाऊक आहे?"

"नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय थोडेच राहणार!"

"ग्रेव म्हणजे नदीकाठची रेती. हा चौक म्हणजे पूर्वी सेन नदीचा रेताड काठ. बेकार माणसं कामाच्या आशेनं इथंच येऊन उभी राहायची. 'ग्रेववर आहे' म्हणजे काम शोधतोय!"

"आणि आता हातात काम असून करत नाही, तो ग्रेववर."

"पार उलटं झालं! ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, त्या ड्रायव्हर लोकांनी..."

"या मार्गावरची साडेदहाची बस मीच चालवते."

"असं? मग इथं कशाला उभ्या आहात?"

"बसची वाट बघतेय. बॅस्टिलला मोर्चा आहे."

"अहो, माझी बहीण तिथंच राहते! बारा वाजले की ती जेवायला बसते, कुणासाठी थांबत नाही."

"मग चला पायी माझ्याबरोबर."

"मी उभ्या जन्मात मोर्चाला गेलेलो नाही, मादाम."

"आज जा. वाटेत सगळ्यांना मूळ सांगा."

मास्तर ताठ मानेनं बाईंबरोबर दहा पावलं चालले, मग थांबून त्यांनी केकच्या खोक्यात डोकावलं.

"मादाम, तेवढा तुमचा फलक जरा केकवर धरता का?"