सात ठोक्यांची खोली

ठण्. मग जरा थांबून — ठण्, ठण्. मग एकदम चार, ठणठणठणठण. असा. — नाही नाही, आत्ता कोणी वाजवत नाहीये, मी तोंडाने काढून दाखवतोय. तुम्ही त्या पाइपावरचे पोचे बघत होता ना, म्हणून. चाळीस वर्षं झाली त्याला. या खोलीतली माझी पहिली सकाळ, नीट उजाडलंही नव्हतं, आणि उशाशी हा ठणठणाट. बायको दचकून उठून बसली, म्हणाली, अहो, खोली म्हणून तुरुंगात आणलंत की काय मला? बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय माझ्यासारखाच आहे. खाटेवर बसा. पिशवी खाली ठेवा की, कोणी नेत नाही. नेत नाही म्हणजे — आत काय आहे ते मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ठाऊक होईल, ते वेगळं. चढताना बघितलंत ना, कशी सगळी दारं किलकिली झाली होती? नाकं दिसली असतील तुम्हाला. हे असे आहेत लोक. मी आपला आधी सांगून ठेवतो, मागाहून म्हणायला नको.

तर पाइप. मी तेव्हा नळखात्यात नवीन लागलो होतो, पान्हे-बिन्हे सगळे स्वतःचे, आणि डोकं — डोकं जरा चढलेलंच. चार इयत्ता शिकलो, पण पाइपातलं मला सगळं कळतं अशी समजूत. मी म्हटलं, हवा अडकलीय. पाइपात हवा अडकली की असे धक्के बसतात. बायकोला म्हटलं, एका दिवसात बंद करतो बघ. आणि केला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, पाइप इथे जमिनीतून वर येतो ना, तिथे गच्च आवळल्या, वरून गोणपाट, वरून तार. दुसऱ्या दिवशी सकाळी काय शांतता! आवाज नाही, काही नाही. मी अंथरुणात पडूनच बायकोला म्हटलं, बघ, नवरा कोण आहे तुझा.

आणि मग भोंगा आला.

भोंगा म्हणजे समोरचा. ट्रक चालवायचा. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. हळू बोलला तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं. — अजून आहे, आहे ना, जातोय कुठे! आता ट्रक नाही चालवत, नुसता आवाज चालवतो. तर तो दारात उभा, गळ्यात टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस, आणि मला म्हणतो — काय म्हणाला ते तुमच्यासमोर नको. माझ्या आजोबांपासून सुरुवात केली एवढंच सांगतो. त्याच्यामागे तिसऱ्या मजल्यावरची मास्तरीणबाई, तिच्यामागे आणखी पाच-सहा जण, सगळ्यांच्या हातात रिकाम्या बादल्या. मला वाटलं, झालं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मार खाणार. बायको माझ्या मागे, आणि मी तिच्या मागे जायच्या बेतात.

काय झालं होतं, सांगतो. पाणी यायचं तासभर, तेही कधी साडेचारला, कधी साडेपाचला. पाइप एकच. खालच्यांनी नळ सोडला की वर थेंब चढत नाही. म्हणून या लोकांनी काय ठरवलेलं — तळमजल्यावर शिंपीणकाकू राहायच्या, पाणी आलं की त्यांना आधी गुरगुर ऐकू यायची. त्या कापड कापायच्या मोठ्या कात्रीची मूठ घ्यायच्या आणि पाइपावर ठोकायच्या. प्रत्येक घराचा आकडा ठरलेला. जो जसा राहायला आला तसा त्याचा आकडा. आपला आकडा वाजला की उठायचं, भरायचं, नळ बंद करायचा आणि उलटा एक ठोका द्यायचा — झालं माझं. की मग दुसऱ्याचा नंबर. आधी वरचे, मग मधले, आणि काकू स्वतः सगळ्यात शेवटी. आणि मी हुशारशिरोमणी, मी काय केलं, मधल्या मजल्यावर आवाजाचा गळाच आवळला. वर कोणाला ऐकू गेलं नाही. खाली काकू ठोकतायत, ठोकतायत, उलटा ठोका येत नाही. मनात आणलं असतं तर त्यांनी आपलं भरून घेतलं असतं. त्यांचा नळ तर सगळ्यांच्या आधी. पण नाही. तासभर हातात कात्री घेऊन उभ्या. नळ बंद. पाणी आलं तसं गेलं. त्यांची स्वतःची बादलीसुद्धा कोरडी.

तर तोंडावर इतक्या शिव्या चालल्यात, आणि मागून काकू आल्या. एवढीशी बाई, गळ्यात मापाची टेप, दम लागलेला. हातात तांब्याचा हंडा. इस्त्रीच्या कामासाठी म्हणून ठेवलेलं पाणी, इमारतीत तेवढंच. मला वाटलं, आता हा हंडा डोक्यात. तर त्या माझ्याकडे बघेनातच. सरळ माझ्या बायकोपुढे ठेवला आणि म्हणाल्या, घे गं, तुझं नवीन घर, तुझ्याकडे साठवलेलं काही नसणार. आणि मग वळून भोंग्याला — तू काय उभा आहेस, तोंड पूस टॉवेलनं, फेस वाळला की चेहरा आणखी वाईट दिसेल.

माझी बायको जी रडायला लागली! तीन दिवस रडू दाबून बसली होती, माहेर आठवत होतं. ती रडते म्हटल्यावर बादल्या घेऊन आलेल्या सगळ्या बायका खोलीत शिरल्या. मारायला आलेली माणसं, दोन तास हलली नाहीत. जाताना मास्तरीणबाई म्हणाल्या, आता याला आकडा कुठला द्यायचा? सहा झाले, सातवा. भोंगा म्हणाला, द्या सात, याला सात मोजेपर्यंत जाग येईल, तेवढं डोकं जड आहे त्याचं. — असा मी इथला झालो.

हो, हसा. हसायला काय जातंय. पण एकदा आकडा मिळाला की सुटका नाही, हे लक्षात घ्या. एकांत म्हणून विसराच. तुम्हाला शिंक आली तर खालून कोणीतरी औषध सांगेल. बायको गेली माझी, तीन वर्षं झाली. तेव्हापासून नवीन नियम — माझे सात ठोके वाजले की मी उलटा ठोका द्यायचाच, पाणी भरायचं असो नसो. म्हातारा जिवंत आहे का, त्याची हजेरी. आता काकू नाहीत, त्यांची सून वाजवते, कात्री तीच. एकदा मला राग आला. म्हटलं, मी काय शाळेतला पोर आहे? नाही दिला ठोका. आणि मी आपला आत, मोरीच्या शेजारी, बसलेलो — कशाला बसतो माणूस सकाळी, त्याच कामाला. तर धाड! भोंग्यानं पहारीनं कडी उचकटली. मागे अख्खी इमारत. मी त्या अवस्थेत, आणि मास्तरीणबाई म्हणतात, आहेत, आहेत, बसलेत! आणि खाली ओरडून सांगितलं सगळ्यांना — बसलेत! ती कडी बघा, नवीन दिसते ना बाकीच्या दारापेक्षा? ती त्यानंच बसवून दिलेली.

तर सांगायचं म्हणजे, नीट विचार करा. शांत जागा पाहिजे असेल तर ही नव्हे. त्या आधीच्या चौघांनाही मी हेच सांगितलं, ते बिचारे जिना उतरतानाच — कोण चौघे? नाही, कोणी नाही. असेच. बघायला येतात लोक.

बरं. आले होते चौघे. तुम्ही अशा टक लावून बघू नका, मला खोटं बोलताना फार मोजावं लागतं. एकाला पाइपाचं सांगितलं, एकाला कडीचं. त्या नवराबायकोला तर म्हटलं, भोंगा झोपेत गातो. गात नाही तो. मुलगा म्हणतो, बाबा, इतके लोक बघून गेले, कोणालाच कशी पसंत पडत नाही जागा? मी म्हणतो, बघ ना.

वाईट नाही तो. मुलगा. म्हणतो, गुडघे गेलेत तुमचे, ही खोली भाड्यानं देऊन टाकू, आमच्याकडे या. गेलो होतो मी, महिनाभर राहिलो. बारावा मजला. पाणी चोवीस तास, कोणी वाजवत नाही, काही नाही. लिफ्टमध्ये एक जण भेटला, मी म्हटलं, काय, कामावर का? तर त्यानं मोबाइल कानाला लावला — वाजला नव्हता हो, मी बघितला ना, काळा ठप्प होता. खाली पहारेकरी रोज वहीत लिहून घ्यायचा, कोणाकडे आलात. महिनाभर. मी म्हणायचो, राहतो रे बाबा इथे. तो म्हणायचा, बरोबर आहे काका, पण कोणाकडे आलात? सकाळी साडेचारला माझी मला जाग यायची आणि मी आपला भिंतीकडे बघत पडायचो. एकतिसाव्या दिवशी पिशवी उचलली आणि इथे. कोणाला सांगितलं नव्हतं येतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे सात वाजले. ठोके, घड्याळातले नाही. कोणी बघितलं, कोणी सांगितलं, देव जाणे.

मी एरवी एवढा बोलत नाही हां. तुम्ही काहीच बोलत नाही म्हणून माझंच चाललंय. — काय आहे तो हातात, चुरगळताय सारखा? कागद? बघू. पत्ते का. शेवटचा सोडून सगळे खोडलेत. हातमोज्यांच्या कारखान्यात म्हणालात ना, कापायच्या मशीनवर? आणि राहता कुठे सध्या? ... कुठे? खोक्यांच्या मागे? कारखान्यातच? अहो, तिथे निजायचं कसं — आणि या पत्त्यांवरचे सगळेच नको म्हणाले? ... एकटी म्हणून. हं. एकटी म्हणजे काय, खाते का भिंती? गाढवं आहेत एकेक. मला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. हा पहिला खोडला, हा दुसरा, हा तिसरा — अरे, हा तर इथलाच पत्ता. तिसरा पण इथलाच आणि हा शेवटचा, आठवा पण इथलाच. असं कसं? दोनदा का लि—

आठ दिवसांपूर्वी. सकाळी. तू फोन केला होतास.

आज मुलाला विचारून आलीस ते वेगळं; तेव्हा लावलास तो मुलाचा नंबर नव्हे, तो इथला नंबर. मीच उचलला होता. तू म्हणालीस, एकटी आहे, नोकरी आहे, खोली रिकामी आहे का. आणि मी म्हटलं — हो, मी म्हटलं ते. गेली, दुसऱ्यांना दिली. आणि तू ठेवत नव्हतीस म्हणून वर आणखी जोडलं, की आमच्या इमारतीत एकट्या बाईला ठेवत नाहीत, लोकांना चालत नाही. लोकांना! अगं, लोकांना काय माहीत! इथे कोणी तसं बोललंसुद्धा नाही कधी. मला फक्त फोन ठेवायचा होता. मला नाव माहीत नव्हतं, तोंड माहीत नव्हतं, नुसता आवाज. त्या आवाजाला कुठे निजायचं असेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. आठ रात्री? त्या खोक्यांच्या मागे आठ?

पोरी, ऐक. ती दारं किलकिली झाली होती ना, ते चौकशीला नव्हतं. आलं काही, चौकशीला पण असेल थोडं, ते काही संत नाहीत. पण ती भेटायलाच येणार होती सगळी. कोणी बघायला येतंय म्हटल्यावर काकूंची सून सकाळीच येऊन हा कोपरा झाडून गेली, खिडकीचं माप घेऊन गेली, पडदा शिवते म्हणाली, नव्या माणसाला उजेड डोळ्यावर यायला नको. भोंगा विचारत होता सामान किती आहे, वर चढवायला मी येतो. साठी उलटली, म्हणे चढवतो. मीच दटावलं सगळ्यांना. म्हटलं, दार लावून बसा गपचूप, एवढी माणसं बघून माणूस बावरतं. खोटं. तुला त्यांनी भेटू नये म्हणून. भेटली असतीस तर गेली नसतीस, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मी जाईन मुलाकडे. खरंच. आजच कळवतो. पहारेकऱ्याला सांगीन, लिही बाबा तुला काय लिहायचं ते. तू उद्यापासून — उद्या कशाला, आत्तापासून राहा. ही खाट ठेव, भांडी ठेव, बायकोची आहेत, चांगली आहेत. मी हाक मारतो खाली सगळ्यांना, दोन मिनिटांत वर येतील, थांब. तू फक्त हो म्हण. — किंवा शिव्या दे. मला शिव्या चालतात, मी शिव्यांनीच आत आलोय इथे. भोंग्याला बोलावतो, तुला येत नसतील तर तो शिकवेल.



पिशवी का उचललीस? अगं, मी म्हटलं ना, राहा. बस. हे बघ, माझं वय झालंय, मी चुकलो, मी — दाराकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ एकदा. अगं पोरी. ए —

सावकाश उतर गं. सावकाश. ऐकलंस?