मापात न बसलेली भेदरं

...आणि वर मलाच विचारतात, "याचं ड्रॉइंग कुठंय?" अहो, टोमॅटोचं ड्रॉइंग! तुम्हाला सांगते, तेहतीस वर्षं संसार केला, पण झाडाला लागलेल्या टोमॅटोचं ड्रॉइंग मागणारा माणूस मी आमच्याच घरात पाहिला. दुसरीकडं कुठं असेल तर पत्ता द्या, मी त्याच्या बायकोला भेटून येते, दोघी गळ्यात गळा घालून रडू!

तर हे म्हणजे आमचे हे. ज्योतीराम नाव. चाकणला एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत होते. क्वालिटीत म्हणजे काय, तर दुसऱ्यानं केलेल्या वस्तूला नावं ठेवायची आणि त्याचा पगार घ्यायचा! सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, पोरांनी घाम गाळून केलेला पार्ट उचलायचा, व्हर्निअरच्या, म्हणजे मापायच्या चिमट्यात धरायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "मापात बसत नाही!" झालं. गेला लाल डब्यात. आणि त्यातही ह्यांची एक मिजास. कंपनीत कधीकधी माल मापात नसतो, पण गाडी दारात उभी असते, मग साहेबाची सही घेऊन ‘एवढ्या वेळेला चालवून घ्या’ करतात, त्याला म्हणे डेव्हिएशन म्हणतात. तर ह्यांनी एकतीस वर्षांत एकदाही डेव्हिएशन घेतलं नाही! हे मला किती वेळा ऐकवलं असेल? लोक देवाचं नाव घेत नाहीत तेवढ्या वेळा.

गेल्या मे महिन्यात रिटायर झाले. निरोपाला कंपनीनं घड्याळ दिलं, ते कपाटात गेलं. ह्यांनी येताना भोसरीतून स्वतःच्या पैशानं नवा व्हर्निअर आणला! मी म्हटलं, आता कोणाचं काय मोजणार? दुसऱ्याच दिवशी कळलं. ताटातली भाकरी मोजली! "डावीकडं दोन मिलीमीटर जाड आहे." मी म्हटलं, "मग डावीकडून खाऊ नका!" पण ऐकतील तर ना... डबे नंबर घालून लावले, चमचे लांबीनं लावले, फोडणीची मोहरी तडतडायला किती सेकंद लागतात ते भिंतीवर लिहिलं. माझ्या स्वयंपाकघरात मलाच कंपनीतले सेफ्टी बूट घालून या म्हणतील अशी वेळ आली.

आणि इथं माझी अक्कल गेली चरायला. मला वाटलं, ह्या माणसाला गच्चीवर घालवावं. आमचा फ्लॅट दिघी रोडला, तिसरा मजला, पुढं छोटीशी गच्ची आहे. आणि माझ्याकडं होतं आईचं बी.

आता हे नीट ऐका हं. माझं माहेर गेवराईकडचं. आई टोमॅटो म्हणायची नाही कधी, भेदरं म्हणायची. परसात असायची. चपटी, फाका पडलेली, देठाकडं हिरवी, कुठं चीर गेलेली, एकासारखं एक नाही, पण आंबट अशी की जिभेनं टाळी वाजवावी! तव्यावर भाजायची, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, वरवंट्यानं दोन ठेचे, आणि ज्वारीची भाकरी. आई जाऊन दोन वर्षं झाली. घर बंद आहे, परसात काटेरी झुडपं माजलीत. तिच्या फडताळात चिंधीत राख घालून बांधलेलं ते बी सापडलं, तेवढंच मी माहेरातून आणलं. दागिना नाही, लुगडं नाही, चिंधी आणली. आणि ती चिंधी मी कोणाच्या हातात दिली? ह्यांच्या!

सगळं बी पेरलं. कुंड्यांना नंबर. पाणी मापून. चार्ट! वरच्या मजल्यावरची मिनल, हिंजवडीला कामाला, अर्धं आयुष्य कॅबमध्ये गेलेलं, ती चार्ट बघायला आली. तिच्याकडं चार परदेशी पाकिटांतली रोपं आहेत, पाणी घालायला बाई आणि फोटो काढायला ही. ती म्हणते, "वॉव काका, एअरलूम, पिढीजात बी! किती सायंटिफिक करताय हो!" झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

दिवाळीच्या सुमारास भेदरं पिकली. मी परात घेऊन गच्चीत गेले, तर हे आडवे! "थांब. इन्स्पेक्शन व्हायचंय." एकेक भेदर चिमट्यात. आडवं माप, उभं माप. "गोल नाही. मापात बसत नाही!" लाल बादली. "हे चिरलंय. मापात बसत नाही!" लाल बादली. "ह्याला फाका आहेत." अहो, फाका असतातच त्याला! टोमॅटो आहे तो, पिस्टन नाही! पण नाही. आणि लाल बादलीला काय होतं, ठाऊक आहे? कुलूप! हसू नका. "रिजेक्ट माल चांगल्या मालात मिसळला तर?" माझ्या आईची भेदरं कुलपात, आणि मी मंडईतून टोमॅटो आणते!

एकदा हे आंघोळीला गेले तेव्हा किल्ली ढापली मी. दोनच काढली. भाजली, ठेचली, उभ्यानंच खाल्ली... काय सांगू. क्षणभर आई मागं उभी आहे असं वाटलं. आणि खरंच मागं कोणीतरी होतं, टॉवेल गुंडाळून. "बादलीत दोन पीस कमी आहेत." मी डोळे पुसले आणि सरळ दुर्गाबाईंचं नाव घेतलं.

दुर्गाबाई आमच्याकडं भांड्यांना येतात, राहतात दिघीला, मिलिटरीच्या भिंतीलगत. दर शनिवारी हे कुलूप उघडणार आणि ती लाल बादली त्यांच्या पिशवीत रिकामी करणार, भंगारवाल्याला द्यावी तशी. वर सांगणार, "हा माल वापरायचा नाही हं." त्या मान डोलवायच्या आणि घरी जाऊन कालवण करायच्या. शहाणी बाई!

एवढ्या सगळ्यांत एकच झाड पास झालं. कुंडी नंबर सात. फळं गोल, सारखी, गुळगुळीत. हे त्या कुंडीपुढं उभे राहायचे, तसे माझ्यापुढं कधी उभे राहिले नाहीत. "बघ, शून्य दोष!" मी म्हटलं, "अहो, त्या कुंडीत मी भाजीचा कचरा टाकते, ते मंडईतल्या टोमॅटोचं उगवलंय आपोआप!" तर म्हणतात कसे, "कुठून आला ते बघायचं नसतं, माल बघायचा असतो." मी सोडून दिलं. इथंच चुकलं माझं. पुढच्या हंगामाला ह्यांनी बी धरलं, ते कुठल्या झाडाचं धरलं असेल?

सात नंबरचं! फक्त सात नंबरचं!

मला पत्ताच नाही. संक्रांतीच्या आधी पेरलं, गुढीपाडव्याला फळं आली. बारा कुंड्या, बाराही कुंड्यांत गोल गरगरीत टोमॅटो. व्हर्निअर नाचवत घरात आले, "रिजेक्शन झिरो!" एक हातातून निसटला, फरशीवर पडून टप्पा खाऊन सोफ्याखाली गेला. मी भाजला. साल अशी जाड की सोलून चप्पल शिवावी. आत नुसतं पाणी. मी विचारलं, "आईचं बी कुठंय?" म्हणाले, "ते मापात बसत नव्हतं ना."

मी त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्यासारखी बाई दोन दिवस बोलत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला आता एवढं ऐकल्यावर कळलं असेल. अहो, आईचं शेवटचं होतं ते! आणि घालवलं कोणी, तर ज्यानं आयुष्यात एक खिळा वाकडा जाऊ दिला नाही त्यानं!

तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई आल्या. पिशवी ओट्यावर ओतली. "ताई, काकांचं भंगार लई फळलं बघा!" चपटी, फाकांची, चिरलेली, देठाकडं हिरवी... शंभर तरी असतील! अहो, त्यांनी दिवाळीत नासकी उरलेली मोरीजवळच्या रंगाच्या डब्यात फेकलेली. ना चार्ट, ना नंबर. भांडी धुतलेलं पाणी मिळालं, झाली झाडं! मी तिथंच ओट्याखाली बसले आणि रडले. सांगायला लाज कसली, भोकाड पसरलं.

हे आले. हातात व्हर्निअर. एक भेदर उचललं, चिमट्यात धरलं, डोळे बारीक केले. "मापात—"

"खबरदार!" मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, भेदराकडं बघितलं, व्हर्निअर मिटला. मी चटणी ठेचली. ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, एकही न मोजता! मग उठून आत गेले आणि एक पिवळी चिठ्ठी घेऊन आले. वर सुंदर अक्षरात लिहिलेलं: ‘भेदरं. आकार सदोष. डेव्हिएशनवर मंजूर. बी धरावे.’ खाली रेघ मारलेली. म्हणतात, "इथं साहेबाची सही लागते. कर."

आता मला हसू यायला लागलं. मी म्हटलं, "म्हणजे जन्मातलं पहिलं डेव्हिएशन घेतलंत की हो, आणि तेही माझ्या आईच्या भेदरांसाठी!"

तर व्हर्निअर पुसत पुसत, मान वर न करता म्हणतात कसे...

"कंपनीत नाही घेतलं. घरचं हे दुसरं. पहिलं तेहतीस वर्षांपूर्वी, गेवराईला. सही माझ्या आईची होती."

केली मी सही! न करून सांगते कोणाला? रिजेक्ट माल परत पाठवायचा म्हटलं, तर माहेरी आता उतरवून घ्यायला आहे कोण?