इंजिनाचा कान, गुणाजीचा कान

इंजिनातलं मला काय कळत नाही, ते विचारा... सगळं कळतं! म्हणजे कुठलं इंजिन बंद केल्यावर किती वेळ गरम राहतं आणि थंडीत त्याला टेकून चहा कितपत पिता येतो, तेवढं सगळं. बाकीचं गुणाजीला विचारा. नको, आता नका विचारू, तो बोलायच्या परिस्थितीत नाही, आणि मीही अजून सावरलेलो नाही. हे बघा, आज चहात साखरेऐवजी मीठ घातलं मी. वयानं नाही हो. धक्क्यानं.

तुम्हाला सांगतो, गुणाजीचं गॅरेज कॉटन ग्रीनला, कापसाच्या जुन्या गोदामाला चिकटून. तरुणपण गेलं गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात, मग गिरणी गेली आणि हा गाड्यांकडे वळला. पद्धत काय? लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटायचे... आणि सांगायचं, "तिसऱ्या पिस्टनात खोट आसा." आणि असायची! लालबागपासून शिवडीपर्यंत बोलबाला, गुणाजीचा कान म्हणजे कान.

पण गेल्या श्रावणात मी त्याच्या पाठीमागे टेम्पोचा हॉर्न वाजवला. गंमत म्हणून हो, मला दुसरं काम काय? अख्खी गल्ली दचकली, गोदामावरची कबुतरं उडाली, आणि गुणाजी विडी विझवून शांतपणे म्हणतो, "आज सामसूम आसा रे मनू."

आता नात त्याची, मेघना. ऑटोमोबाइल शिकून आजोबांच्याच गॅरेजात उभी राहिलेली, हातात स्कॅनर, डोक्याला रुमाल, तोंड सडेतोड. तिनं आजोबांना कानाचं मशीन आणलं. याने काय करावं? खंडेनवमीला पाने-हातोड्यांबरोबर पूजेला मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, म्हणाला, "नवी वस्तू आधी देवाक." ते तेव्हापासून देव्हाऱ्यातच. देवाला दुप्पट ऐकू येतंय आणि याला काही नाही! घालत का नव्हता? तर मशीन लावलेलं गिऱ्हाइकाने बघितलं की संपलं. ज्याला बायको ऐकू येत नाही तो इंजिन काय ऐकणार, म्हणतील लोक. आयुष्यभराचं नाव त्या कानावर उभं, आणि गुणाजीचा कान म्हणजे कान.

अशात आला हेरंबचा ट्रक. हेरंब म्हणजे शूटिंगला गाड्या भाड्याने देणारा, त्याच्याकडे एक अमेरिकन पिकअप ट्रक, केवढा? आमच्या चाळीतली खोली त्याच्या हौद्यात मावेल, वर पोटमाळा काढता येईल. इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर, म्हणजे हवा कोंबणारं यंत्र, लग्नात विहिणीला जिलेबी कोंबतात तशी हवा कोंबतं. आणि असला राक्षस परळचा पूल चढताना धापा टाकतोय, उसाच्या रसाची हातगाडी पुढे निघून गेली, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा!

मेघनाने स्कॅनर लावला. "नॉक सेन्सर, मागचा."

मी म्हटलं, "हा कोण पाव्हणा?"

"मनूआजोबा, तो इंजिनाचा कान. आत चुकीचा ठोका पडला की त्याला ऐकू जातो, तो कॉम्प्युटरला सांगतो. कान बहिरा झाला की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनाला जोरच करू देत नाही."

मग तिनं स्कॅनर आजोबांच्या डोळ्यांपुढे धरला. गुणाजीने वाचलं, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "इंजिन ठणठणीत. माझो कान चुकाचो नाय. सेन्सर खराब निघालो, तर मी तां मशीन कानात घालतंय. ह्या मनूसमोर सांगतंय."

घ्या! साक्षीदार कोण, तर मी!

पोरीने घाई नाही केली हो. आधी वायर तपासली, कुठे तुटली-उंदराने कुरतडली का. वायर चांगली. मग मीटर लावला, पुढचा कान उत्तर देतोय, मागचा मुका. पण पोचायचं कसं? हे दोन्ही कान इंजिनाच्या पोटात, खड्ड्यांत बसवलेले, आणि त्यावर तो सुपरचार्जर बसलेला, शेठजी गादीवर बसावा तसा. पट्टा काढला, पाइप काढले, साखळीची कप्पी लावून शेठजींना वर उचललं, खालचं झाकण काढलं, मागच्या खड्ड्यावरचं रबरी बूच उपटलं...

आणि तुम्हाला सांगतो, मी हादरलो. हेरंब तर खुर्चीतच बसला. खड्ड्यात काय असावं? गंजाचा चिखल, त्यात कुंकू. त्यात हळद. झेंडूची पाकळी. आणि वर नारळाच्या शेंडीचे दोन धागे!

मेघना शेंडीचा धागा चिमट्यात धरून उभी. आजोबांकडे बघत राहिली.

मग मला आठवलं. खंडेनवमीला हाच ट्रक ऑइल बदलायला गॅरेजात होता. सगळं जग नारळ फोडतं चाकापुढे, रस्त्यावर. गुणाजी म्हणाला, "शक्ती इंजिनात, नि नारळ डांबरावर?" बॉनेट उघडून इंजिनाच्या लोखंडी कडेवर फोडला होता नारळ! पाणी गेलं खाली, बुचाच्या फटीतून खड्ड्यात, तिथेच मुरलं, आणि कान गंजून गेला. खोबरं मी खाल्लं होतं, गोड होतं, तेवढाच माझा सहभाग.

मेघनाने दोन्ही सेन्सर नवे बसवले, एक गेला की दुसरा पाठोपाठ जातोच म्हणाली. तेही मोजून आवळायच्या पान्याने, जास्त आवळला तरी बहिरा होतो म्हणे, आपल्यातल्या काही नवऱ्यांसारखा. बुचाला कडेने सील लावलं, शेठजींना पुन्हा गादीवर बसवलं, चावी फिरवली. दिवा गेला! ट्रक असा डरकाळला की गोदामाचे पत्रे थडथडले. परळचा पूल चढून हेरंब फोनवर ओरडत होता, "पंख फुटले हो याला!"

गुणाजी कोपऱ्यात. पुटपुटला, "नारळ देवाचो होतो. तीर्थान कोण बहिरो होता काय?"

मेघना आत गेली, देव्हाऱ्यातून मशीन आणलं, त्यावरचं कुंकू पुसलं, आणि आजोबांची हनुवटी धरून कानात बसवलं. माणूस डोळे मिटून उभा हो, लस टोचून घेणाऱ्या पोरासारखा. मी म्हटलं, जाऊ दे, गुणाजीचा कान म्हणजे... तर एवढ्या वर्षांनी त्या कानात स्वच्छ, खणखणीत पहिलं वाक्य पडलं ते नातीचं:

"आजोबा, त्या इंजिनाला ऐकू येईना, तेव्हा त्याने निदान दिवा तरी लावला."