वीरबाची खोळ

मंडळी, जरा सरसावून बसा! आणि मला एक सांगा — आपला पूर्वज कोण, हे कशावरून ठरतं? रक्तावरून? आडनावावरून? की — नाही, तिसरं मी आत्ताच सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच चपला शोधाल!

ऐका. वसंतराव कोंढाळकर नावाचे एक गृहस्थ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घरी बसवेना! दर रविवारी गाडी काढायची, शेजारी मालतीबाई, मागे दशम्यांचा डबा, मोजायची टेप, ब्रश — आणि निघाले! जुनी देवळं, पडके बुरूज, बारवा. मालतीबाई म्हणायच्या, "अहो, लग्न झाल्यापासून एक हॉटेल दाखवलं नाहीत, विहिरी मात्र तीस दाखवल्यात!"

पण वसंतरावांचा खरा शोध एकच. घराण्यात सांगत आलेलं, की मूळपुरुष रायाजी घोड्यावरून लढता लढता खिंडीत पडला, आणि त्याचा वीरगळ तिथंच कुठं तरी आहे. वीरगळ म्हणजे? लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. आठ दिवसांवर सगळ्या कोंढाळकरांचा मेळावा, आणि थोरले बंधू नानासाहेब सगळ्यांना सांगून बसलेले — "वसंता वीरगळ दाखवणार!"

अन् सापडला! चिंचेवडीच्या खिंडीखाली, गाव ज्याला वीरबा म्हणून पुजतं तो दगड. पण मंडळी, अंगावर शेंदूर वीतभर! पिढ्यान् पिढ्या चढवलेला. आत घोडा आहे की हत्ती, कळायला मार्ग नाही. तिथं ठकूबाई नावाची म्हातारी, रोज सकाळी देवाला पाणी घालणारी. वसंतरावांनी हात जोडले. "मावशी, थोडा शेंदूर काढून बघू?"

"न्हाई बाबा. भार झाला की देव आपणच शेंदराची खोळ टाकतो. माझ्या सासूच्या वक्ताला टाकली हुती."

"आता कधी टाकेल?"

"त्याला घाई न्हाई."

त्याला नव्हती हो, वसंतरावांना होती! म्हातारी घरी गेली. मालतीबाई म्हणाल्या, "नको हं!" पण हे गाडीतला पाना घेऊन बसलेच. एकच कोपरा बघायचा — असं आपण सगळेच म्हणतो, नाही का? कोपरा टोकरला. आणि आतून फट्‌ असा आवाज आला. अख्खी खोळ सुटून पायाशी!

वसंतराव बघतात तो काय? घोडा नाही. तलवार नाही. एक अनवाणी माणूस, हातात काठी, आणि मागे गाई. गावाची गुरं पळवणाऱ्यांना आडवा गेलेला गुराखी! वसंतरावांना रडूच आलं. अहो, इतक्या वर्षांची वणवण!

त्यांनी नानासाहेबांना फोन लावला. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "कुणी पाहिलंय? पुन्हा शेंदूर लाव. मेळाव्यात सांग, आत घोडा आहे. आता शंभर वर्षं कोण उघडून बघतंय?"

बघा हं! खोटं किती सोपं, आणि वर देवाचंच पांघरूण!

तेवढ्यात ठकूबाई आली. ओरडली नाही. खोळीचे तुकडे पदरात गोळा करत राहिली. मग म्हणाली, "ज्याच्या हातनं खोळ पडली, त्यानंच नवी चढवायची. आमची रीत हाय. बसा."

वसंतराव बसले. वीरबाला दुधानं न्हाऊ घातलं. तेलात शेंदूर कालवला. काठीवर शेंदूर, गाईंवर शेंदूर, त्या भेगाळलेल्या पावलांवर शेंदूर. चित्रकलेचे मास्तर ते! पण मुलांच्या वह्यांवर सराईत चालणारा हात त्या पावलांची एकेक भेग जपत चालला. ज्याला आपण 'हा कोण गुराखी' म्हणून झिडकारलं, तो दुसऱ्यांच्या गाईंसाठी मेला होता.

मेळाव्यात वसंतराव उभे राहिले. "वीरगळ सापडला," म्हणाले. टाळ्या! "पण तो रायाजीचा नाही. एका गुराख्याचा आहे. आपला घोडेस्वार मला कुठंच सापडला नाही." टाळ्या थांबल्या. नानासाहेब त्या दिवशी जेवायलाही शेजारी बसले नाहीत.

पुढच्या अवसेला गाडी पुन्हा चिंचेवडीला. ठकूबाईनं विचारलं, "त्यो तुमचा न्हवता म्हनं. मग कशापायी आलासा?"

"मावशी, त्याच्या अंगावर माझ्या हातचा शेंदूर आहे. मी नाही यायचं तर कुणी?"

म्हातारीनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.

मंडळी, हेच ते तिसरं! ज्याची सेवा करशील, तो तुझा पूर्वज!

आता आपलं बघू. सुट्टी लागली की गाड्या निघतात. बुरुजावर चढतो, फोटो काढतो, भिंतीवर स्वतःचं नाव कोरतो — खाली काय बघता, कोरतोच! प्रत्येक दगडाला विचारतो, तुझ्यात मी कुठं आहे? एकदा तरी विचारा, बाबा रे, तुला माझ्याकडून काय हवंय? तुमच्याही वेशीवर एक दगड आहे. कुणाचा, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी ठाऊक आहे का? नाही ना? मग उद्या सकाळी त्याला पाणी घालायला तुमच्यापैकी कोण जाणार आहे?

विचार करा, आणि तोवर टाळ उचला. नाव घ्या!